दीड आण्याचे तिकीट

वस्तू जमविण्याचा छंद मनुष्याला फार लहानपणी जडतो. समुद्रकाठी गेलेले मूल शिंपले वेचते, नदीकाठी गेलेले गोटे वेचते. खिसे फाटले म्हणून आई रागावते. पण त्यातला एकही गोटा टाकून द्यावयास ते तयार होत नाही. मोठेपणी या छंदाला निरनिराळी रूपे येतात. कोणी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर जुन्या घरांतील दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असे जे जे सुंदर दिसले ते जमविले आणि लहान वयात वारलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांचे संग्रहालय उभे केले.

अशाच छंदिष्ट मंडळींचे एक प्रदर्शन पुण्यातील एका मंगल कार्यालयात भरले होते. माझी नात सहावीत शिकते. तिच्यापाशी क्रिकेटपटूंच्या चित्रपत्त्यांची एक जाडजूड वही आहे. तिच्या आग्रहाखातर मी प्रदर्शनास गेलो.

सर्वांत अधिक गर्दी चित्रपत्त्यांच्या टेबलापाशी होती. एका दुर्मिळ पत्त्याच्या बदल्यात दहा साधे पत्ते द्यावेत की बारा, यावर मुलांत कडाक्याचा वाद चालला होता. इतिहासातील सनावळ्या पाठ होत नाहीत म्हणून कुरकुरणारी मुले कोणत्या खेळाडूने कोठे किती धावा काढल्या हे तेथे बिनचूक सांगत होती! आवडीच्या विषयात स्मरणशक्ती कशी धावून येते, हे पाहून मला मोठी मौज वाटली.

शेजारी नाण्यांचे टेबल होते. तेथील वृद्ध व्यापाऱ्याने माझ्या नातीच्या तळहातावर एक शिवराई ठेवली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. तांबे काळपटले होते. “चिंचेने घासले तर चकचकीत होईल ना?” नातीने विचारले. व्यापारी घाईघाईने म्हणाले, “बाळ, असे कधी करू नकोस. घासले की वरची अक्षरेही झिजतात. नाणे चकाकते खरे. पण मुके होते.”

नाणी बोलतात, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. ती सारी क्षत्रप राजा नहपान याची होती. परंतु त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. जुना मुखवटा आणि त्यावर नवी मुद्रा! एका राजाने दुसऱ्याची सत्ता मोडून काढल्याचा याहून बोलका पुरावा कोणता? ही नाणी सापडताच वितळवून कोणी चांदीची लगड केली असती, तर चांदी तेवढीच भरली असती. हा पुरावा मात्र कायमचा नाहीसा झाला असता.

मी नातीला हे सांगत होतो, इतक्यात पलीकडील तिकिटांच्या टेबलाशी उभ्या असलेल्या एका मुलाकडे तिचे लक्ष गेले. त्याच्या हातात दोऱ्याने बांधलेला जुन्या पाकिटांचा जुडगा होता. त्याला एक चित्रपत्ता विकत घ्यावयाचा होता, आणि पैसे पुरत नव्हते. “काका, यांवरची तिकिटे कापून दिली तर किती मिळतील?” तो विचारीत होता.

विक्रेत्याने वरचे पाकीट उचलले. त्यावर अशोकस्तंभाच्या सिंहांचे दीड आण्याचे तिकीट होते. स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट 21 नोव्हेंबर 1947 रोजी निघाले. त्यावर तिरंगी ध्वज होता. त्यानंतर 15 डिसेंबरला हे सिंहांचे तिकीट आले. “तिकीट साधे आहे,” विक्रेता म्हणाला, “पुष्कळांपाशी असते. कापून दिलेस तर फारसे मिळणार नाही. मुंबईचा जून 1948 चा शिक्का स्पष्ट उमटला आहे. अख्खे पाकीट दिलेस तर थोडे अधिक देईन. पण आत पत्र दिसते. ते वाचलेस का?”

“ते काहीतरी वेडेवाकडे लिहिलेले आहे,” मुलगा म्हणाला. “घरात कोणालाच वाचता येत नाही.”

पत्र मोडी लिपीत होते. हात न उचलता भरभर लिहिता यावे, अशी या लिपीची घडण. पूर्वी मराठीतील पत्रे व हिशेब बहुधा मोडीतच लिहीत. पुढे छापील पुस्तकांमुळे बाळबोध लिपी सर्वत्र रूढ झाली आणि मोडी मागे पडली. मी ती हौसेने शिकलो होतो. मुलाची परवानगी घेऊन मी पत्र हाती घेतले आणि अडखळत अडखळत वाचू लागलो.

“तीर्थरूप दादांचे सेवेसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मनीऑर्डरीने पंधरा रुपये पाठविले आहेत. त्यांतील पाच रुपये मुलाच्या पुस्तकांचे. ते दुसऱ्या कामी खर्चू नयेत. गुरे राखण्यास माणूस नाही हे समजले. गडी ठेवावा, पण मुलास शाळेतून काढू नये. मी गिरणीत रात्रपाळी मागून घेतली आहे.”

पाकिटावर सातारा जिल्ह्यातील एका खेड्याचा पत्ता होता. “हे तुझ्या घरातील कोणाचे पत्र?” मी विचारले.

“पणजोबांचे असेल,” मुलगा म्हणाला. “ते मुंबईला गिरणीत होते. म्हणजे तो मुलगा माझे आजोबा! आजोबा हायस्कुलात गणित शिकवीत.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “रात्रपाळी म्हणजे रात्रभर काम ना?”

मी मान हलविली. त्याने पत्र हलक्या हाताने घडी करून पाकिटात घातले आणि जुडगा पुन्हा बांधला. विक्रेत्याने आपणहून त्याला एक पारदर्शक पिशवी दिली व म्हटले, “उरलेली पत्रेही कोणाकडून तरी वाचून घे.” त्या दिवशी त्याचा पत्ता विकत घ्यावयाचा राहिला, पण त्याची त्याला आठवणही उरली नसावी.

मुलांनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादी ट्रंक, देवघरात एखादी डबी, कपाटात एखादे जुने पाकीट असेल. त्यातील वस्तूला बाजारात किती दाम येईल, हे कोणीही व्यापारी सांगेल. ती कोणाची, कोठून आली, कोणी व का जपून ठेवली, हे मात्र घरातील वडीलधारी माणसेच सांगू शकतात. त्यांच्यापाशी बसून ते विचारा, आणि एका कागदावर तारखेसह लिहून त्या वस्तूजवळ ठेवा. वस्तू टिकतात, सांगणारी माणसे फार दिवस टिकत नाहीत.