वंगण

माझ्या मेजावर वह्यांच्या गठ्ठ्यावर एक झिजलेली पोलादी पिन ठेवलेली असते. घरी येणारे विद्यार्थी ती उचलून पाहतात आणि विचारतात, "सर, हे काय?" या प्रश्नाचे खरे उत्तर देण्यास मी आजवर संकोचत आलो, कारण तिच्या झिजेत माझाही वाटा आहे. यंदाच्या अंकाच्या निमित्ताने ते देऊन टाकावे, असे मनात आहे.

माझा धाकटा भाऊ पूर्वी खनिजाचा ट्रक चालवीत असे. 2018 च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हा त्याने कर्ज काढून एक जुना, छोटा लोडर घेतला. अरुंद वाटेने अंगणात शिरणारे, माती, खडी, चिरे उचलणारे आणि जागच्या जागी वळणारे हे यंत्र. या जातीचे पहिले यंत्र 1957 साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर नावाच्या दोघा भावांनी, टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी बनविले. पक्ष्यांच्या कोठारातील खांबांमधून वळेल इतके लहान यंत्र त्याला हवे होते. ही हकिकत मला ठाऊक आहे, कारण वाचनाचा मला नाद आहे. परंतु जे वाचण्याची खरी निकड होती, ते मात्र मी वाचले नाही.

यंत्राबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आले होते. भावाचे इंग्रजी बेताचेच. तो ते घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, तें पुस्तक मातशें वाचून सांग मरे!" मी "उद्या पाहू" म्हटले. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या. पुस्तक वह्यांच्या गठ्ठ्याखाली गेले आणि तेथेच राहिले. त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गाला 'वेळेचे महत्त्व' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता!

पुढे मे महिन्यात एके संध्याकाळी यंत्र खडखडू लागले. चिऱ्यांनी भरलेली बकेट वर जाताना एका अंगाला कलली आणि दोन चिरे मजुराच्या पायापासून हातभर अंतरावर आदळले. सुदैवाने इजा झाली नाही. पण भाऊ घरी आला तो पांढराफटक होऊन.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. त्यांनी पहार घालून बकेट हलवून पाहिली आणि म्हणाले, "पिन-बुश गेले." यंत्राचे दोन बाहू जेथे बकेटीला जोडलेले असतात, तेथे पोलादी पिना असतात, त्यांच्याभोवती बुश म्हणजे धातूची नळी. सारा भार या सांध्यावर फिरतो. तेथे दोन मिलिमीटरांची मोकळीक झाली, तर चौपट अंतरावरच्या बकेटीच्या कडेशी ती आठ मिलिमीटर होते. आणि असे दोन-तीन सांधे ढिले झाले, की बकेट हाताळणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

मेस्त्रींनी प्रथम सपाट जमिनीवर बाहू पूर्ण खाली घेऊन बकेट टेकविली, इंजिन बंद केले आणि दांडे मागेपुढे करून नळ्यांतील तेलाचा दाब सोडला. वर उचललेल्या बाहूखाली कधी जायचे नाही, हा त्यांचा पहिला धडा. पिनेचे कवच कठीण असते. तिच्यावर सरळ हातोडा मारला तर कपची उडून डोळ्यात जाते. म्हणून त्यांनी मध्ये पितळेची कांब धरली. पिन निघाली, ती वहाणेच्या टाचेप्रमाणे एका बाजूनेच झिजलेली होती. ग्रीस भरण्याचे निपल लाल मातीने आणि वाळलेल्या ग्रीसने बुजून गेले होते.

"रोज ग्रीस मारीत होता ना?" मेस्त्रींनी विचारले.

भाऊ म्हणाला, "आठवड्याने एकदा. रोज मारावे लागते, हे मला कोणी सांगितले नाही."

तो माझ्याकडे पाहून बोलला नाही. पाहिले असते, तर बरे झाले असते.

त्या रात्री मी पुस्तक उघडले. दर आठ-दहा तासांच्या कामानंतर या पिनांना ग्रीस द्यावे, असे तेथे कोष्टकात स्वच्छ छापले होते. वाचावयास मला पाच मिनिटे लागली.

नव्या बुशा त्या रात्री आमच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, बांगड्यांच्या शेजारी होत्या. थंडीने धातू किंचित आकसतो, आणि मग बुश आपल्या जागी सहज बसते. बाहूतील मूळ भोके शाबूत होती, हे नशीब. ती लांबट झाली असती, तर वेल्डिंगने भरून पुन्हा कातावी लागली असती. पिन बसविताना भोके जुळली का, हे मी बोटाने चाचपू लागलो, तोच मेस्त्री ओरडले, "मास्तर, बोट जाईल!" आणि त्यांनी निमुळती सळई पुढे केली. पावसापूर्वीच्या ऐन हंगामातले चार दिवस भावाचे बुडाले. कर्जाचा हप्ता त्या महिन्यात मी भरला; परंतु त्याने माझे समाधान झाले नाही.

मग जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मी ते सगळे कोष्टक मराठीत लिहिले आणि यंत्राच्या छपरीत टांगले. आता भाऊ रोज काम आटोपल्यावर ग्रीसगन घेतो, निपल पुसतो आणि सांध्याच्या कडेने ताजे ग्रीस डोकावेपर्यंत दाबतो. जुनी पिन मी मागून घेतली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी एखादा कागद हाती घेऊन तुमची वाट पाहत असेल. आजीच्या औषधाची चिठ्ठी असेल, बाबांची बँकेची नोटीस असेल. परीक्षेचे निमित्त सांगून तो कागद बाजूला ठेवू नका. वाचण्यास पाच मिनिटे लागतात. न वाचल्याने काय झिजते, ते पाहावयाचे असेल, तर माझ्या घरी या आणि ती पिन हातात घेऊन पाहा.