सरावाचा खांब

आमच्या निवासी शाळेत मर्दानी खेळांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा काही पालकांनी विचारले होते, की करुणा शिकविणाऱ्या शाळेत तलवार कशाला? प्रश्न रास्त होता. मला त्याचे उत्तर कोणाच्या भाषणातून मिळाले नाही. मैदानाच्या कोपऱ्यात आम्ही मुलांनी उभारलेल्या खांबाने ते दिले.

बाभळीचा जाड सोट दोन फूट खोल पुरून भोवती खडी ठासली. त्यावर गोणपाटाचे थर गुंडाळून काथ्याच्या दोरीने आवळले. डोके, खांदा, कंबर व गुडघा अशा चार उंचींवर चुन्याचे पट्टे ओढले. लाकडी तलवारीच्या धारेला ओला गेरू लावायचा. वार नेमका बसला तर गोणपाटावर बारीक रेघ उमटे; मनगट कलले तर रुंद डाग पडे. खांबाजवळ सबब चालत नसे.

पुढे आडव्या बांबूवरून लिंबू टांगले. पूर्ण वेगाने वार करायचा आणि लिंबापाशी तलवार थांबवायची. लिंबू हलता कामा नये, असा वस्तादांचा दंडक होता. मारण्याहून थांबणे किती अवघड, हे खांद्यांना तेथे कळले. खरे पाते हाती आले ते शेवटी, केळीच्या बुंध्यावर. तोही घड उतरविलेल्या, नाहीतरी तोडाव्याच लागणाऱ्या केळीचा.

सरावानंतर वस्ताद पुण्याच्या गंज पेठेतील तालमीविषयी सांगत. लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) हे मांग समाजातले. ज्यांचा स्पर्शही त्या काळी टाळला जाई, त्यांच्यापुढे जोतीराव फुले शिष्य म्हणून उभे राहिले. आपण लहुजींकडून दांडपट्टा व गोळीचा निशाणा शिकलो, हे जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त स्वतःच नमूद केले आहे. इंग्रजांचे राज्य उलथविण्याच्या ईर्षेने ते या विद्येकडे वळले होते. पण १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या, तेव्हा लहुजींनीही त्या कार्याला हात दिला. बळ कमावलेल्या माणसांनी ते कोठे वापरावे, याचा तो निर्णय होता.

खांबालाही जात कळत नाही. वार कोणाचाही असो, कललेल्या मनगटाचा डाग सारखाच पडतो. आज त्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे : गोणपाट सैल झाले की स्वतःच्या हातांनी पुन्हा आवळा, आणि लिंबू हलू देऊ नका.