हिरडा, इसबगोल आणि मामांचं एलडीएल

तर झालं असं, की मे महिन्यातल्या एका शनिवारी हिंजवडीतून निघालो आणि मंचर-घोडेगावमार्गे मामांकडे पोहोचलो. आमचं आजोळ आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या रस्त्याला. अंगणात बाळहिरडा वाळत टाकलेला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांत उन्हाळ्याचा रोख पैसा म्हणजे हिरडा. आईची शाळा, मामांच्या घराची कौलं, सगळं त्यातूनच झालं. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात जुनी झाडं आडवी झाली, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखे मामा बसून होते.

चहा पिताना मी माझं रडगाणं सुरू केलं. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५२ आलं होतं. मामा हसले.

"चूर्ण घेऊन जा. हिरडा आन् अर्जुनाची साल. मी तर गोळ्याच सोडल्या."

"कधी?"

"झाले की तीन महिने. गोळ्या म्हंजी केमिकल. हिरड्यानं पोट साफ, पोट साफ तर रगत साफ!"

माझा चहा तसाच राहिला. मामांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय.

तिथे वाद घातला नाही. पुण्यात येऊन वाचत बसलो. खरं सांगतो, मनातून हिरडाच जिंकावा असं वाटत होतं.

गुग्गुळाचं आपल्याकडे मोठं नाव. पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर ८ आठवडे चाचणी झाली, त्यात गुग्गुळाने एलडीएल उतरण्याऐवजी थोडं चढलंच. २०२२च्या दुसऱ्या एका चाचणीत लसूण, हळद, दालचिनीच्या गोळ्या एका बाजूला आणि स्टॅटिनचा छोटा डोस दुसऱ्या बाजूला. २८ दिवसांत स्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरवलं. बाकीचे खोट्या गोळीच्या पुढे गेले नाहीत. अर्जुनावरचे काही छोटे अभ्यास फायदा दाखवतात, पण स्टेंटवाल्याने गोळी बंद करावी इतका भरवसा त्यातून मिळत नाही.

मग वनस्पती सगळ्या फुकट? तसंही नाही. इसबगोल रोज १० ग्रॅमच्या आसपास घेतला तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. तो आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. म्हणजे मामांचं 'पोट साफ तर रगत साफ' अगदीच चूक नव्हतं, झाड तेवढं चुकलं :)

आणि केमिकल म्हणाल, तर स्टॅटिनचा मूळ पुरुष १९७०च्या दशकात जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीत सापडला. फरक एवढाच, की त्यातला नेमका उपयोगी रेणू वेगळा काढला, मोजला आणि हजारो माणसांवर तपासला.

पुढच्या शनिवारी मामांना घेऊन मंचरला गेलो, रक्त तपासलं. गोळ्या चालू असतानाचा जुना रिपोर्ट ६४, नवा १३८. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि गप्प बसलो. ऑफिसात आम्ही हेच करतो : एक गोष्ट बदलायची आणि आधीचा-नंतरचा आकडा बघायचा.

मामा बराच वेळ कागद बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी हिरडा खोटा का रं?"

हा प्रश्न कोलेस्टेरॉलचा नव्हता हे मला कळलं.

"खोटा नाही मामा. त्यानं तुमचं घर उभं केलं, आईला शिकवलं. पोटाला आजही चालतो. आता कोलेस्टेरॉलही त्यानंच उतरवायचं का? किती कामं सांगायची एका झाडाला?"

मामा हसले. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटलो, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हिरडा चालेल का, हेही मामांनी स्वतःच विचारलं. मला ते फार आवडलं.

माझं म्हणाल, तर डॉक्टरांनी गोळीआधी तीन महिने दिले होते. वडापाव बंद, चालणं सुरू आणि रात्री ग्लासभर पाण्यातून इसबगोल. आकडा १४१. उतरला, पण अजून पुरेसा नाही. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तेव्हाही आकडा जे सांगेल ते ऐकायचं, असं मामांना कबूल केलंय.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.