वर्तमानपत्रात लपलेली रोजनिशी

बालमित्रांनो, चला, आज स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावी! क्लाइड नदीकाठी तिथे सूतगिरणी कामगारांची एक जुनी चाळ आहे. तिच्यातल्या एका खोलीत १८१३ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन जन्मला. दहाव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला. पुढे डॉक्टर झाला आणि आफ्रिका पालथी घातली. त्या चाळीचं आता संग्रहालय झालंय.

या संग्रहालयाकडे एक अजब रोजनिशी आहे. १८७१ साली मध्य आफ्रिकेतल्या न्यांग्वे गावी लिव्हिंगस्टनजवळचा कागद संपला, शाईही संपली. मग काय केलं त्याने? जुनं वर्तमानपत्र आडवं धरलं आणि छापील ओळींवरच, झाडाच्या रसाच्या शाईने लिहिलं! ती शाई हळूहळू उडाली. छापील अक्षरं तेवढी ठळक उरली. आता वाचायचं कसं?

२०१० साली शास्त्रज्ञांनी प्रत्येक पानावर वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश टाकून फोटो काढले. अवरक्त प्रकाशात रसाची शाई गायब व्हायची, फक्त छपाई दिसायची. निळ्या प्रकाशात मात्र तीच शाई गडद व्हायची. मग संगणकाने छपाई पुसट केली आणि हस्ताक्षर वर आलं.

ही गंमत तुम्हीही करून बघा. पांढऱ्या कागदावर लाल पेन्सिलीने लिहा आणि जिलेटिनच्या लाल कागदातून पाहा. अक्षरं जवळजवळ नाहीशी! निळ्या कागदातून पाहिलं की काळी कुळकुळीत.

पण त्या पानांत होतं तरी काय? १५ जुलै १८७१ रोजी गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी न्यांग्वेच्या भरल्या बाजारात गोळीबार केला. शेकडो माणसं मेली, त्यांत बायकाच जास्त होत्या. लिव्हिंगस्टनने ते डोळ्यांनी पाहिलं. नंतर वहीत उतरवताना त्याने मजकूर बदलला होता. पहिलं लिखाण या पानांतच होतं. ही हकिगत इंग्लंडला पोचली, लोक खवळले आणि १८७३ साली झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला.

त्याच वर्षी लिव्हिंगस्टन वारला. त्याचं शव आणि कागदपत्रं शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. गुलामगिरीतून सुटलेला हा आफ्रिकन मुलगा शिकला कुठे, ठाऊक आहे? आपल्या नाशकात, मिशनच्या शाळेत!

तेव्हा घरात आजोबांचं पुसट पत्र सापडलं, तर त्याला पाणी, तेल काही लावू नका. जपून ठेवा. अक्षरं दिसेनाशी झाली, तरी ती गेलेली असतातच असं नाही.