ठणका थांबला तेव्हा

माझी उजवीकडची खालची मोठी दाढ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ही दाढ दुधाचा एकही दात न पाडता सगळ्यांच्या मागून मुकाट्यानं उगवते. त्यामुळे घरोघरी असतो तो समज आमच्याकडेही होता : दुधाचीच असणार, पडेल. पण ती कायमची असते. सांगलीत ऊस सोलण्यापासून चिंचोके फोडण्यापर्यंत सगळी कामं मी तिच्याकडून करून घेतली.

त्या काळी घरात दाढदुखीचा मान आजीचा. गालात लवंग कायमची. रात्री आडवं झालं की ठणका वाढायचा, मग ती भिंतीला टेकून बसायची. कारण मला फार पुढे कळलं. दाताच्या पोटात रक्तवाहिन्यांचा आणि नसांचा मऊ गर असतो. आपण सरसकट त्याला 'नस' म्हणतो. कीड तिथवर पोचली की तो सुजू लागतो. पण भोवती दाताच्या टणक भिंती, सुजायला जागाच नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं आणि दाब आणखी वाढतो. एके सकाळी आजीचा ठणका आपसूक थांबला. "लवंगेनं काम केलं बघ," म्हणाली. काम झालं होतं ते गराचं. तो मेला होता. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी आली, गाल टम्म सुजला आणि दाढ काढावी लागली.

माझ्या दाढेची पाळी बंगळुरात आली. मल्लेश्वरमला बिऱ्हाड, सकाळ-संध्याकाळ फिल्टर कॉफी. तो वाफाळता घोट गेला की कळ थेट कानापर्यंत. वर गार पाणी घेतलं की आराम. गार लागून उठलेली कळ क्षणात विरत असेल, तर दात नुसता भरून भागू शकतं. पण गरमानं पेटणारा आणि गारानं निवणारा गर सहसा सावरत नाही.

डॉक्टरीणबाई कन्नड. दाढ बधिर करून, भोवती रबराचा पडदा ताणून त्यांनी विचारलं, "नोवु इदेया?" दुखतंय का? मी मान हलवली, नाही. खालच्या या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या. पांढऱ्या, पिवळ्या, लाल मुठीच्या बारीक सुया एकेक करून आत जात होत्या. पांढरी म्हणजे पंधरा नंबर, टोकाला जेमतेम ०.१५ मिलिमीटर. मधूनमधून कपड्यांच्या ब्लीचचा वास यायचा. नळ्या धुवायच्या पाण्यात तेच रसायन असतं. शेवटी आत भरला गटापर्चा, म्हणजे मलायातल्या झाडाचा चीक. १८५१ साली इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्रातून तारेची केबल टाकली, तिच्यावर याच चिकाचं आवरण होतं. मग टोपी. दाढेपेक्षा टोपीच महाग, पण पोकळ झालेली दाढ टोपीवाचून चिरते, तेव्हा ती कंजुषी नको.

लोक धास्ती घेतात रूट कॅनॉलची. खरी वाईट असते ती त्याआधीची रात्र. खर्चाची भीती असेल, तर इथे व्हिक्टोरिया हॉस्पिटलशेजारी १९५८ सालापासून सरकारी दंत महाविद्यालय आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अम्मांनी आपली दाढ तिथेच वाचवली.

माझ्या दाढेला आता गार-गरम कळत नाही. भातात खडा आला तर मात्र लगेच कळतं, कारण दाब ओळखणाऱ्या नसा मुळाभोवती, दाताच्या बाहेर असतात. बाकीच्या दातांतला गर वयाबरोबर आतून भिंती जाड करत स्वतःची जागा आक्रसून घेतो. म्हणून उतारवयात दात कमी शिवशिवतात, आणि कीड आत पोचली तरी कधी कधी पत्ता लागत नाही.

तेव्हा दाढ ठणकत असेल तर दवाखान्यात जाच. आणि ठणकणारी दाढ औषधावाचून एकाएकी गप्प झाली असेल, तर त्याच दिवशी जा.