जन्मावेळीच निघालेली सोडत

गेले काही दिवस मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलो आहे. शिरूरच्या बाजारात भेटलेल्या मित्राला, दौंडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांनासुद्धा! हृदयविकाराचा खरा गुन्हेगार कोण, हे शोधण्यासाठी निसर्गानेच एक प्रचंड प्रयोग मांडून ठेवला आहे आणि त्यात तुम्ही-आम्ही सगळे जन्मापासून सामील आहोत. हे कळल्यापासून माझं मन दुसऱ्या कशात लागत नाही.

लिपिड प्रोफाइलचा कागद आता आपल्या शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत घरोघरी सापडतो. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे चांगलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण एखादी गोष्ट रोगासोबत दिसते म्हणून ती रोगाचं कारण ठरते का? ज्याचं एचडीएल जास्त, तो बहुधा सडपातळ असतो, चालतो-फिरतो, तंबाखूपासून लांब असतो. मग त्याचं हृदय एचडीएलने राखलं की या सवयींनी? नुसत्या रक्ततपासणीतून हे कधीच उलगडणार नाही.

इथे जनुकं कामाला येतात. ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची सोडत आठवा. लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात, कारण त्या हाताला कुणाचा पक्ष ठाऊक नसतो. आई आणि वडील, प्रत्येकाकडच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी कुठली आपल्या वाट्याला यावी, हेही असंच ठरतं. त्यात श्रीमंती, आहार, व्यसन कशाचाच हात नसतो. म्हणून ज्यांना जन्मतः एलडीएल कमी ठेवणारी प्रत मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही, त्यांची तुलना केली की एलडीएलचा परिणाम बराचसा निखळ दिसू लागतो. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. मेंडेल म्हणजे तेच, शाळेत शिकलेले वाटाण्याच्या रोपांचे!

आणि काय दिसलं! पीसीएसके-९ नावाचं एक प्रथिन आहे. रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे जे ग्राही (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात, त्यांना ते नष्ट करतं. काही माणसांत या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी असते. अमेरिकेत टेक्सासमधल्या जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांच्या गटाने २००६ साली अशा माणसांचा हिशेब मांडला. अभ्यासातल्या कृष्णवर्णीयांपैकी २.६ टक्के लोकांत या जनुकाची एक प्रत बंद होती. त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका? तब्बल ८८ टक्क्यांनी कमी! हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. औषधाने काही वर्षं एलडीएल उतरवण्यापेक्षा ते जन्मभर थोडं कमी असणं कितीतरी मोलाचं ठरतं, कारण धमन्यांत थर साचतो तो वर्षानुवर्षं. याच ज्ञानातून पीसीएसके-९ ला अडवणारी इंजेक्शनं तयार झाली आणि २०१५ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली.

एचडीएलची कथा याच्या अगदी उलट निघाली. ते वाढवणाऱ्या टॉरसेट्रापिब या औषधाची चाचणी २००६ च्या डिसेंबरात थांबवावी लागली. एचडीएल वाढलं होतं, पण मृत्यूही वाढले होते. मग २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने जनुकांचा पुरावा छापला: ज्यांचं एचडीएल एका विशिष्ट जनुकामुळे जन्मापासूनच जास्त, त्यांना अटॅकचा धोका काही कमी नव्हता. एचडीएल कमी असणं ही धोक्याची खूण आहे, पण ते वाढवलं की हृदय वाचेल असं नाही. खूण आणि कारण यांतला हा फरक जनुकांनी किती स्वच्छ दाखवला! लायपोप्रोटीन-ए या रक्तातल्या दुर्लक्षित कणाला मात्र अशाच जनुकीय पुराव्याने कारणांच्या रांगेत बसवलं.

अर्थात एकच जनुक दोन-तीन कामं करत असेल तर निष्कर्ष फसू शकतो. म्हणून संशोधक वेगवेगळी जनुकं घेऊन पाहतात आणि सगळ्यांची साक्ष एकीकडे वळते का, हे तपासतात. एलडीएलच्या बाबतीत ती वळते.

माझा आनंद दुणावला तो पुढे. ही पद्धत आपल्या पुणे जिल्ह्यातही वापरली गेली आहे! केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ गावांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. या मातांच्या आणि म्हैसूरच्या मातांच्या नोंदी घेऊन हैदराबादच्या डॉ. गिरिराज चांडक यांच्यासह २०१४ मध्ये निबंध निघाला. आईच्या रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढल्याने बाळाचं वजन कमी भरत असावं, या अंदाजाला होमोसिस्टीनवर परिणाम करणाऱ्या एमटीएचएफआर जनुकाच्या साक्षीने बळ मिळालं. आपल्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला तर डॉ. बानू कोयाजींनी रुजवलेलं केईएमचं ग्रामीण आरोग्याचं काम कित्येक दशकं चालू आहे. म्हणजे हे विज्ञान दूरदेशीचं नाही, आपल्या बांधावरचं आहे.

लिपिडच्या जनुकांची बहुतेक माहिती मात्र अजून युरोपीय वंशाच्या माणसांची आहे. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असं चित्र सर्रास दिसतं. त्याची नेमकी कारणं आपल्याच रक्तातून शोधायला हवीत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने १०,००० भारतीयांच्या जनुकीय नोंदी २०२५ मध्ये संशोधकांना खुल्या केल्या, ही उत्तम सुरुवात आहे.

तोवर हातात असलेलं काम करूया. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं आहे की लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तरी तपासावं. घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर पोरांचं एलडीएलही आत्ताच बघा, पन्नाशीची वाट पाहू नका. सोडत जन्मावेळी निघाली असली तरी पुढचा कारभार आपल्या हाती आहे. आणि कधी संशोधक रक्ताचा नमुना मागायला दारात आले, तर त्यांना बसवून घ्या, मनात येतील ते सगळे प्रश्न विचारा आणि पटलं तर हात पुढे करा.