सार्वजनिक ट्यूब

होस्टेलवर काही वस्तूंना मालक नसतो. बादली, इस्त्री, मिनी ड्राफ्टर, गेल्या वर्षीची जर्नल्स. ज्याला लागेल तो उचलतो, जमलं तर परत आणून ठेवतो. याबद्दल माझी काही तक्रार नाही, चार वर्षं अशीच निघतात. फक्त या यादीत एक वस्तू कुणी घुसवली कोण जाणे, तिच्यासाठी हा लेख : डोळ्यात घालायच्या मलमाची ट्यूब.

पावसाळा लागला की विंगमध्ये कुणाचे ना कुणाचे डोळे येतातच. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर महाराष्ट्रभर साथ होती. मी तेव्हा फर्स्ट इयरला. अर्धा वर्ग गॉगल लावून बसलेला पाहून सर दारातच थबकले होते! "त्याच्याकडे बघू नकोस, तुझे पण येतील" हेही चालूच. बघून डोळे येत नाहीत राव. हाताने येतात, टॉवेलने येतात, उशीच्या अभ्र्याने येतात. आणि आमच्या मजल्यावर फिरणाऱ्या त्या एका ट्यूबनेही आले असणार, कारण तिचं टोक सगळ्यांच्या पापण्यांना लागून गेलं होतं.

गंमत म्हणजे त्या साथीत तिचा फारसा उपयोगही नव्हता. साथीत येणारे डोळे बहुतेक वेळा विषाणूमुळे येतात, आणि अँटिबायोटिक विषाणूचं काही वाकडं करू शकत नाही. ते जिवाणूंसाठी. १९६९ मध्ये घानात अशी साथ आली तेव्हा माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिचं नाव 'अपोलो ११' ठेवलं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमध्ये आली ती 'जॉय बांग्ला'. नाव काहीही ठेवा, विषाणू आपल्या वेळेने, आठ-पंधरा दिवसांत निघून जातो. आपण पाच दिवस मलम लावलेलं असतं, श्रेय त्याला मिळतं.

पण म्हणून मलम बिनकामाचं, असंही नाही. खुपरी या रोगाने एकेकाळी आपल्याकडे असंख्य लोकांची दृष्टी घालवली. १९६३ मध्ये सरकारने तिच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की भारतात खुपरी आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेली नाही. त्या लढाईत टेट्रासायक्लिनचं साधं डोळ्याचं मलमही होतं. सकाळ-संध्याकाळ, सलग सहा आठवडे. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी लाली उतरली की ट्यूब खिडकीत.

आता जरा गंभीर. शेजारच्या खोलीतला माझा मित्र कॉन्टॅक्ट लेन्स लावायचा. सबमिशनच्या आठवड्यात त्याचा एकच डोळा लाल झाला. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघताच ड्रॉप्स दिले. संध्याकाळपर्यंत लाली बरीच कमी, म्हणून हा खूश. तिसऱ्या दिवशी ट्यूबलाइट लावली तरी ओरडायला लागला. रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी डोळ्याला टेकवली आणि निळा प्रकाश टाकला. बुबुळावर एक हिरवा ठिपका चमकला. मटेरियल्सच्या लॅबमध्ये आपण डाय पेनेट्रंट टेस्ट करतो ना, रंग भेगेत शिरतो आणि भेग दिसते, तसंच. फक्त इथे जॉब बदलून मिळत नाही.

त्या ड्रॉप्समध्ये अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लाली झटकन उतरवतं, पण जंतूंशी लढणारी शरीराची ताकदही कमी करतं. म्हणजे आत जखम वाढत होती आणि बाहेरून सगळं छान. पुढचे दोन महिने उपचार, एक सेमिस्टर गेलं, आणि बुबुळावर पांढरा डाग राहिला तो राहिलाच. आमची आजी याला 'डोळ्यात फूल पडलं' म्हणते. रात्री बाइकवर निघालो की तो न बोलता चावी माझ्या हातात देतो.

तेव्हा लेन्स लावणारा असेल, दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधूक दिसत असेल तर ट्यूब शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगची चूर डोळ्यात गेली तरीही हेच. वर मलम थापून चूर बाहेर येत नाही.

डॉक्टरांनी मलम दिलंच, तर ते घालायची रीत सोपी आहे, पण फार थोडे ती पाळतात. आधी हात साबणाने धुवायचे. डोळ्याला घाण असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून पुसायची, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. मग मान मागे, खालची पापणी बोटाने ओढायची आणि तिथे जी खोबण होते तिच्यात सेंटिमीटरभर मलम सोडायचं. टोक कशालाही लागू द्यायचं नाही. मिनिटभर डोळा मिटून बसायचं. ड्रॉप्सही असतील तर आधी ड्रॉप्स, पाच-दहा मिनिटांनी मलम. ड्रॉप्स अश्रूंबरोबर लवकर वाहून जातात, मलम पॅराफिनमध्ये कालवलेलं असल्याने जास्त वेळ टिकतं. म्हणूनच नंतर थोडा वेळ सगळं धूसर दिसतं. घाबरू नका, पण लगेच बाइकही काढू नका. जमलं तर झोपताना घाला. जितके दिवस सांगितलंय तितके दिवस घाला, आणि तोवर लेन्स डबीत.

आणखी एक. त्वचेला लावायच्या मलमाच्या ट्यूबा दिसायला अगदी तशाच असतात. 'ऑप्थॅल्मिक' किंवा डोळ्यासाठी असं लिहिलेलं नसेल तर ती डोळ्याजवळ नेऊ नका.

ट्यूब उघडली की मार्करने तिच्यावर नाव आणि तारीख टाकायची. साधारण चार आठवड्यांनी कचऱ्यात, उरली असली तरी. आणि उरतेच. मग ती ड्रॉवरमध्ये पडते, खोलीबरोबर ज्युनिअरकडे जाते. मागच्या आठवड्यात आमच्या विंगमध्ये अशीच एक सापडली. टोपण गायब, एक्स्पायरी मार्च २०२४.